पिस्ता रंगाचा सोफा

बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याचं एक दुकान होतं. तिथे भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करणारी मुलगी पैशाच्या बाबतीत इतकी चिकट, की साबणाचे झिजलेले तुकडेसुद्धा एकत्र दाबून त्यांची नवी वडी करायची. तिचा थोरला भाऊ तिला लाडाने ‘कुलूप’ म्हणायचा, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

एके दिवशी एक पेंटर दुकानात आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, नखांत निळा रंग. त्याने थेट सगळ्यात महागडी फ्रेम उचलली. मालक आत जेवत होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “ही नका घेऊ. ती डावीकडची घ्या. निम्म्या किमतीत तोच माल, नुसतं नाव सोनेरी नाही.”

त्याने डावीकडची घेतली, आणि वाचलेल्या पैशांचे क्रीमरोल आणून मालकासकट सगळ्या दुकानाला वाटले. दुपारभर ती धुसफुसत राहिली. संध्याकाळी बसमध्ये मात्र तिला एकटीलाच हसू फुटलं, आणि शेजारच्या बाई सरकून बसल्या.

पुढचे सहा महिने तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. दहा मिनिटांच्या रस्त्याला तो टॅक्सी करायचा. फुलवालीची टोपली निम्मी रिकामी करायचा. ती प्रत्येक वेळी रागावायची आणि प्रत्येक वेळी फुलं उराशी धरून घरी जायची. लग्न ठरलं. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोघांनी मिळून एक खोलीही भाड्याने घेतली.

आणि मग पेंटर बदलला. टॅक्सी बंद. फुलं बंद. कंगव्यासाठी त्याने दुकानदाराशी पाऊण तास घासाघीस केली आणि विजयी चेहऱ्याने बाहेर आला. तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण ती उतरल्या चेहऱ्याने घरी आली.

“तुला हवा होता तसाच झाला ना?” भाऊ म्हणाला. “मग तोंड का पाडलंयस?”

“दादा, त्याचं मन उडालंय माझ्यावरून. परवा मला म्हणाला, चालत जाऊ, तब्येतीला बरं असतं.”

दादाने कपाळावर हात मारला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसाच चहा टाकायला उठला.

त्या शनिवारी दुकान अर्धा दिवसच उघडं होतं. घरी जाताना फर्निचरच्या दुकानाच्या काचेआड तिला एक सोफा दिसला. तिघांचा, मखमली, पिस्ता रंगाचा. ती आत जाऊन त्यावर टेकली. उठली. परत टेकली. मग “घेते,” असं कोणीतरी म्हणालं, आणि तो आवाज आपलाच होता हे तिला जरा उशिरा कळलं. तीन वर्षं साठवलेली पुंजी एका सहीत गेली. बाहेर आली तेव्हा डोकं हलकं झालं होतं, आणि रस्त्यातली अनोळखी माणसंसुद्धा तिला देखणी दिसत होती.

भाड्याच्या खोलीकडे नेताना सोफा जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला. हमालांनी अर्धा तास खटपट केली आणि हात टेकून निघून गेले. ती तिथेच सोफ्यावर बसून राहिली. तेवढ्यात खालून खडखड ऐकू आली. खांद्यावर लोखंडाच्या दोन जुन्या घडीच्या खुर्च्या घेऊन पेंटर वर येत होता.

“हे काय आहे?” त्याने विचारलं.

“सोफा.”

“कोणाचा?”

“आपला.”

तो हळूच तिच्याशेजारी बसला. किंमत ऐकल्यावर त्याने चष्मा काढून पुसला. “आणि मी इथे या खुर्च्यांसाठी तासभर भांडलोय.”

“तू हल्ली असा का वागतोस?”

“तुझ्यासाठी. जन्मभर माझ्या खर्चाने तुझा जीव टांगणीला लागेल अशी भीती वाटली. तुझ्या दादांकडे काटकसरीची शिकवणी लावली. काल फुलवालीने हाक मारली तर रस्ता ओलांडून पळालो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग अशी हसत सुटली की तिला उचकी लागली. तिचं बघून तोही. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर पिशव्या घेऊन वर आले तेव्हा दोघं डोळे पुसत होते.

“इथेच संसार थाटलाय का?” मास्तरांनी विचारलं आणि धोतराचा सोगा सावरावा तशी पँट वर ओढून सोफा ओलांडला.

“बचत माझ्याकडे ठेव,” ती पेंटरला म्हणाली. “तुला जमत नाही. शोभत तर त्याहून नाही.”

“आणि तू?”

“मला सोफा घेताना वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अधूनमधून उधळायला बरोबर नेत जा मला.”

दादाला बोलावलं. सोफ्याचे पाय काढले, त्याला उभा केला, आणि मास्तरांसकट चौघांनी ढकलून तो खोलीत घातला. आता दार अर्धंच उघडत होतं आणि खुर्च्यांना जागाच उरली नव्हती.

“या खुर्च्या मला द्याल का? काय घ्याल?” मास्तरांनी विचारलं.

“छे, तशाच न्या,” पेंटर म्हणाला.

पण तोवर तिने आकडा सांगितलाही होता. मास्तर कमी करायला लागले. ती हटेना. पेंटर मखमलीवर आडवा पडून, हाताची उशी करून, दोघांची घासाघीस अगदी कौतुकाने ऐकत राहिला.