स्विचच खराब आहे

"ओढू नकोस, आंधळ्या! खालची कळ दाब!"

हा आवाज मालकीणबाईंनी ऐकला तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डबा घेऊन त्या गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. आत म्हातारा उस्ताद खेकसत होता आणि त्यांचे नवेकोरे नवरोजी ट्रकच्या डॅशबोर्डखाली उताणे पडून हेडलाइटच्या स्विचची मूठ दातओठ खात ओढत होते. ती मूठ नुसती ओढून निघत नाही. स्विचच्या पोटाला खालून एक बारकी कळ असते. ती दाबली की मुठीसकट दांडा मुकाट हातात येतो. "डोळे कशाला फाडतोस? बोटांनी बघ!" उस्ताद म्हणाला, आणि दारातल्या नव्या नवरीला हसू आवरेना.

उस्ताद गेला, गॅरेजही गेलं. राहिला तो गोल नाकाचा हिरवा ट्रक. त्याच्यापायी सगळी गल्ली नवरोजींना 'मालक' म्हणू लागली. मालकी एवढ्या एकाच ट्रकची, पण ऐट अशी की फाटकाबाहेर ताफा उभा आहे.

तर गेल्या महिन्यात या ट्रकचे दिवे मिचमिचू लागले. स्विच खरंच जळला होता. मालकांनी नवा बसवला, दिवे लख्ख लागले. मालक म्हणाले, "मंद आहेत. हाही स्विच खराबच दिला मेल्यांनी."

तेव्हाच कुणीतरी बोलायला हवं होतं. पण घर पडलं शहाण्यांचं. मुलगा म्हणाला, "हो बाबा, हल्ली मालच बोगस येतो," आणि दुसरा स्विच घेऊन आला. मालकांनी कुंड्या समजून चपलांना पाणी घातलं, तर हा पठ्ठ्या ओल्या चपला घालून पचक पचक करत कामावर गेला, पण ब्र काढला नाही. मालकीणबाईंच्या धाकट्या भावाला जगातल्या प्रत्येक विषयावर मत होतं. नेमकं याच विषयावर नव्हतं. आणि स्वतः मालकीणबाई? त्या चहाचा कप मालकांच्या बोटांना लागेल असा सरकवत होत्या आणि मनाशी म्हणत होत्या, उद्या बोलू.

आज मात्र मालकांनी जाहीर केलं, तिसरा स्विच बसवायचा आणि संध्याकाळी ट्रकनं घाट उतरून लेकीकडे जायचं. चालवणार मालक. शेजारी मालकीणबाई.

"आई, तूच सांग ना त्यांना," मुलगा स्वयंपाकघरात कुजबुजला.

"का? तुझी जीभ दुरुस्तीला टाकलीय?"

"माझं ऐकणार नाहीत ते."

"ऐकायला आधी कुणी बोलावं लागतं रे, सोन्या."

"ताई, घाई नको," भाऊ चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. "अशानं माणसाचा आत्मविश्वास जातो."

"आणि घाटात ताई गेली म्हणजे?"

"अभद्र काय बोलतेस! तू फक्त रस्ता सांगत राहा. डावीकडे, उजवीकडे..."

"मग तूच बस की शेजारी."

भावाला एकदम आठवलं, आपल्याला घाटात गाडी लागते.

बाहेर मालकांनी बॅटरीची तार काढली आणि डॅशबोर्डखाली हात घातला. अंधारात आईच्या हाताला निजलेलं लेकरू सापडावं तशी बोटांना कळ सापडली. दांडा निघाला, नट सुटला, जुना स्विच खाली आला, नवा वर गेला, तारा जागच्या जागी बसल्या. मान एकदाही वाकली नाही. मालकीणबाई दारातून बघत होत्या. या हातांना काय दिसत नव्हतं?

ऊन भिंतीआड गेलं होतं. बॅटरीची तार जोडून मालक सीटवर चढले, मूठ ओढली. समोरची भिंत दुधासारखी उजळली. मुलगा आणि मामा त्या झोतात डोळ्यांवर हात धरून उभे, रंगेहात सापडलेल्या चोरांसारखे.

"लागले का रे?"

मामानं भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं चपलांकडे.

"नाही बाबा. हाही स्विच खराब दिसतोय."

दिवे नाहीत म्हटल्यावर जाणं टळेल, असा त्याचा हिशेब.

"वाटलंच मला," मालक म्हणाले. "जाऊ दे. उजेड आहे अजून. घाट तर पाठच आहे. अगं, चढ वर!" आणि त्यांनी इंजिन सुरू केलं.

मालकीणबाई चढल्या, पण मालकांच्या बाजूच्या पायरीवर. आत हात घालून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. दिवे जळतच राहिले.

"उतरा."

"आता काय काढलंस?"

"उतरा म्हणते ना."

मनगट धरून त्यांनी मालकांना ट्रकच्या नाकापाशी आणलं आणि त्यांचा तळवा दिव्याच्या काचेवर ठेवला.

"काय लागतंय हाताला?"

"काच. दुसरं काय?" तळवा तिथंच राहिला. मग बोटं थबकली. "गरम आहे."

"आई, राहू दे ना..." मागून मुलगा म्हणाला.

"तू गप. इतके दिवस जमलंय, आता सवय मोडू नकोस."

भिंतीवर मालकांच्या हाताची सावली पडली होती, ट्रकपेक्षा मोठी. गॅरेजच्या दारात उस्तादाच्या ज्या 'आंधळ्या' शब्दाला त्या हसल्या होत्या, तो आता ओठांवर आला. तो त्यांनी गिळला. मालकांच्या हातावर आपला हात ठेवला.

"दिवे लागलेत हो. पहिला स्विच बदललात तेव्हापासून लागतायत. दिसत नाहीये ते तुम्हाला. आणि मला ते तेव्हापासून माहीत आहे."