साडेतीन रेणू

कुसुमनं ऑक्सिजनच्या अलीकडे लिहिलेला साडेतीनचा आकडा खोडला आणि पेन्सिलीचं टोक दातांत धरलं.

"सर, अर्धा रेणू कुठून आणायचा?"

"आणूच नको. सगळं दुप्पट कर," उमाजी म्हणाला. "इथेनचे दोन घे. मग जाळायला ऑक्सिजनचे सात लागतील."

तिची दहावीची शिकवणी तिच्या वडलांच्या, व्यंकटरावांच्या ओसरीवर चाले. उमाजी त्यांच्याच माडीवर राहायचा. त्याच्या बापाची मेंढरंही त्यांच्याच पडीक रानात बसत. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यापासून गावोगाव पेटलं होतं. परवा रात्री इथला बौद्धवाडा जळाला. जिंतूरची एसटी बंद झाली आणि उमाजी गावातच अडकला. रॉकेलचे डबे घेतलेल्या माणसांपुढं व्यंकटराव चालत गेलेले त्यानं माडीच्या खिडकीतून पाहिले होते. आज सकाळी व्यंकटरावांनी सहज विचारलं होतं, "मास्तर, बापाची मेंढरं बरी हायेत ना?"

जीप दारात थांबली. फौजदार ओसरीवर येऊन खुर्चीत बसले.

"परवा रात्री आमी घरातच होतो, साहेब," व्यंकटराव म्हणाले. "हे मास्तर वरच राहतेत. इचारा की त्यास्नी."

"काय, गुरुजी?"

उमाजीनं व्यंकटरावांकडं पाहिलं. व्यंकटराव पानाला चुना लावत होते.

"होते. घरातच होते."

फौजदारांनी लिहून घेतलं, कागद पुढं केला. उमाजीनं सही केली. व्यंकटराव फौजदारांना चहासाठी आत घेऊन गेले.

कुसुम वहीत बघत होती. समीकरण जुळलं होतं. सात, चार, सहा, सगळं बरोबर.

"सर," ती हळूच म्हणाली, "आबा त्या राती पहाटं आले. मला इचारलं तर मीबी तुमच्यावानीच सांगू का?"

उमाजीनं वही मिटली, परत उघडली. तिच्याकडं बघणं त्याला जमेना.

फौजदार मिशा पुसत बाहेर आले, मागून व्यंकटरावही. "येतो, गुरुजी."

"साहेब, थांबा." उमाजी उठून उभा राहिला. "मी लिहून दिलं ते खरं न्हाई."

मग व्यंकटराव शांतपणे म्हणाले,

"कुसुम, आत जा."

कुसुम जागची हलली नाही.