दोन मीटरची मोजकाठी

मी एक जुनी मोजकाठी आहे. मित्रांनो, मला कुणी जीव लावला असे आठवत नाही. माझा राग मात्र पुष्कळांनी केला.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या इन्व्हरडोरी गावात एका होड्या बांधणाऱ्या सुताराने मला घडवले. लाकूड त्याचे, पितळेचा काटा घड्याळजीचा. गावातल्या कर्लिंगच्या बर्फावर मी कामाला लागले. या खेळात वीस किलोंचा दगड बर्फावरून सरकवत रंगीत वर्तुळात न्यायचा असतो. ज्याचा दगड मध्याच्या जवळ, त्याची सरशी. दोन दगडांमधला फरक डोळ्यांना कळेनासा झाला की पंच हेक्टर गेडिस मला घेऊन येत. माझे एक टोक मध्यावरच्या भोकात रोवून मला फिरवीत. काटा हलला की एका बाजूला टाळ्या आणि दुसऱ्या बाजूला शिव्या. एकतीस वर्षे मी दोन्ही ऐकल्या.

मग आमच्या गावात बायकांची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा भरली. दहा देश, पाच-पाचांचे दोन गट. गटातल्या प्रत्येक संघाने बाकी चौघांशी खेळायचे आणि गटातला एकच संघ अंतिम सामन्यात जायचा. शिवाय प्रत्येक सामन्याआधी संघातल्या दोघींनी एकेक दगड मध्याकडे टाकायचा. तो किती दूर थांबला ते मी मोजायचे. वर्तुळाबाहेर गेला तर सरळ दोन मीटर धरायचे. बरोबरी झाली, आणि आपापसातल्या सामन्यांवरूनही निकाल लागेना, तर या अंतरांची बेरीज बघायची. ज्यांची बेरीज कमी, ते पुढे.

यजमान संघाची कप्तान होती एल्सपेथ रँकिन आणि तिच्या हाताखाली ऊना मॅकफेल. चौदा वर्षे दोघी एकत्र खेळल्या होत्या. त्या वर्षी कप्तानपद ऊनाला द्यायचे ठरले होते, पण एल्सपेथने ते सोडले नाही. तेव्हापासून दोघी फक्त बर्फावरच बोलत, आणि जे बोलत ते न बोललेले बरे.

नॉर्वेविरुद्धच्या सामन्याआधी ऊना दगड टाकायला बसली.

"हळू टाक," एल्सपेथ म्हणाली. "गोठ्याचं दार ढकलल्यासारखा ढकलू नकोस."

"चौदा वर्षं टाकतेय मी. मला शिकवू नकोस."

"शिकली असतीस तर आज कप्तान झाली असतीस."

जवळच्या चौघी-पाचजणी हसल्या. ऊनाचे कान लाल झाले. तिने दगड असा भिरकावला की तो वर्तुळ ओलांडून मागच्या फळीवर जाऊन आदळला.

"दोन मीटर," हेक्टर म्हणाले.

"लिहा, लिहा! सामना थोडाच आहे हा?" ऊना फणकारली.

तो सामना त्या जिंकल्याही. पण शेवटी स्कॉटलंड, स्वीडन आणि नॉर्वे तिघांचेही तीन-तीन विजय झाले. स्कॉटलंडने नॉर्वेला हरवलेले, नॉर्वेने स्वीडनला आणि स्वीडनने स्कॉटलंडला. आता बेरजेवाचून इलाज नव्हता. सारे गाव बाकांवर दाटीने बसले. हेक्टरनी कागद वाचला. नॉर्वे सहा मीटरच्या पुढे. स्कॉटलंड पाच मीटर नव्वद सेंटीमीटर. स्वीडन पाच मीटर एकोणऐंशी.

अकरा सेंटीमीटर!

"काठी खोटी आहे!" एल्सपेथ किंचाळली. "हेक्टर, घरच्या पोरींना बुडवलंत तुम्ही!"

"काठीला घर नसतं, एल्सपेथ."

तिने त्यांच्या हातातून मला हिसकावले आणि गुडघ्यावर आपटले. कडाड आवाज झाला. माझे दोन तुकडे बर्फावर पडले. मागच्या बाकांवरून कुणीतरी "शाब्बास!" म्हणाले, तो आवाज मला मोडण्यापेक्षा जास्त लागला.

तुकडे उचलायला ऊना वाकली. "काठी खरी आहे," ती एल्सपेथला म्हणाली. "दगड मी टाकला. आणि तो टाकायला लावणारे शब्द तुझे होते."

"माझ्या नजरेसमोरून चालती हो!"

"जाते. पण बेरीज तीच राहील."

अंतिम सामन्यात स्वीडन खेळले. गावाने मात्र राग काढला हेक्टरवर. खाटीक त्यांना सगळ्यांच्या शेवटी मांस देई आणि चर्चमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही. म्हाताऱ्याने एक आकडा खरा वाचला, एवढाच त्याचा गुन्हा.

पंधरा दिवसांनी ऊना मला सांधून हेक्टरकडे घेऊन आली. त्यांनी मला बर्फावर नेले आणि मध्यावर रोवून तीनदा फिरवले.

"तीन मिलिमीटर चुकतेय."

"तीनच ना! चालेल म्हणा की!"

"नाही चालणार, ऊना."

ती दार आपटून निघून गेली. स्पर्धेनंतर हेक्टरला भेटायला आलेले ते एकच माणूस होते. एल्सपेथ आणि ऊना आता वेगवेगळ्या संघांतून खेळतात आणि रस्त्यात समोर आल्या की पलीकडून जातात. माझ्या जागी नवी काठी आली आहे. मी हेक्टरच्या स्वयंपाकघरात चुलीमागे उभी असते. त्यांच्या मनात येईल त्या दिवशी मी सरपणात जाईन.

मित्रांनो, जीभ आणि हात रागात सोडू नका. आणि तुमच्या घरीदारी खरे मोजणारे कुणी असेल, मग ती माझ्यासारखी काठी असो की एखादा हट्टी म्हातारा, तर त्याला जपा. त्याला मोडल्याने अंतर बोटभरही कमी होत नाही.