'इतर' नावाच्या रकान्यातले तास

आमच्या कार्यालयात कामाचा अंदाज बांधणारी एक संगणक-प्रणाली होती. तिला सगळे 'पंचांग' म्हणत; हे नाव मोईनने ठेवले होते. दर सोमवारी आम्ही प्रत्येक कामाला किती तास लागतील ते सांगायचे, आणि रोज संध्याकाळी प्रत्यक्ष किती लागले ते भरायचे. दीड वर्षाच्या त्या नोंदी पोटात साठवून पंचांग नव्या कामाची तारीख सांगत असे. ते आधी हजार वेळा ते काम मनातल्या मनात करून पाहते आणि मगच बोलते, असे अमरेशसर अभिमानाने सांगत.

"हजार वेळा?" मोईन म्हणे. "मग एकदा खरंच करून टाक म्हणावं की त्याला."

कार्यालयात आम्ही चौघेच होतो. मालक अमरेशसर, तपासणी करणारा मोईन आणि प्रोग्रॅम लिहिणारे दोघे: मी आणि शिवलीलाअक्का. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. मला येणाऱ्या कामातले निम्मे त्यांनीच शिकवलेले.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास सरांनी मला केबिनमध्ये बोलावले. वैरागच्या एका पंपविक्रेत्याचे मोठे काम आले होते. उजनीकाठच्या गावांतून त्याच्याकडे रोज नादुरुस्त मोटारींच्या तक्रारी येत, आणि त्या नोंदवून मिस्त्रीला धाडणारे अ‍ॅप त्याला उन्हाळ्याआधी हवे होते.

"सोमेश, बस. तुला एक गंमत दाखवतो."

पडद्यावर लिहिले होते: तीस कामाचे दिवस. खाली आम्हा दोघांची नावे, आणि प्रत्येक नावापुढच्या चौकटीत बरोबरची खूण. सरांनी शिवलीलाअक्कांच्या चौकटीतली खूण काढली. चक्र क्षणभर फिरले आणि तिसाच्या जागी चोवीस उमटले.

मला वाटले, मी चुकीचे वाचले. सरांनी खूण पुन्हा केली. तीस. काढली. चोवीस.

"माणूस कमी केला की काम लवकर संपतं! मीही असाच दचकलो," सर म्हणाले. "पण कारण सरळ आहे. काम दोघांत निम्मं निम्मं वाटलेलं. तुझं निम्मं बारा दिवसांत होतं, तिचं निम्मं तीस दिवस रेंगाळतं. तू एकट्यानं सगळं केलंस तरी चोवीसच."

मी त्या आकड्याकडे पाहत राहिलो. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते, आणि माझ्या कानांत मात्र विहिरीच्या तळाशी असते तशी शांतता भरत चालली होती.

"चार वाजता बोलावलंय तिला. वाईट वाटतं रे. पण दीड वर्षाचे आकडे समोर असताना मी काय बोलणार?"

"हो सर," मी म्हणालो. मी घाबरलो की माझ्या तोंडून हेच दोन शब्द बाहेर पडतात.

ते आकडे खोटे होते, आणि ते मीच भरले होते.

एखाद्या कामाला बारा तास लागले की मी चार लिहीत असे. कार्यालयात गेलेले आणखी चार 'इतर' नावाच्या रकान्यात टाकत असे, कारण त्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. उरलेले मी पहाटे उठून घरी भरून काढी, आणि ते कुठेच लिहीत नसे. यात मोठेपणा मिळवण्याचा हेतू नव्हता. परक्या घरी पंगतीत आणखी एक भाकरी मागताना जीभ अडखळते, तसे मला तास मागताना होई. सोमवारी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या की मी सर्वांत लहान आकडा पुटपुटून मोकळा होत असे. त्या पुटपुटण्यातून पंचांगाच्या पोटात एक दुसराच सोमेश वाढला होता: माझ्याहून तिप्पट वेगवान, न थकणारा. आज तो अक्कांची खुर्ची मागत होता.

एक वाजता अक्कांनी नेहमीप्रमाणे घरी फोन लावला. "ऊटा आयता, अप्पा?" जेवण झाले का, एवढाच प्रश्न, पण तो विचारताना त्यांचा आवाज लहान मुलीचा होई. त्यांच्या वडिलांना, मडिवाळप्पांना, अर्धांगवायू झाला तेव्हा त्या पुण्याची नोकरी सोडून परत आल्या होत्या. त्यांच्या कामाचे दुसरे कार्यालय त्यांना सोलापुरात मिळाले नव्हते. इथली जागा गेली की पुन्हा पुणे, आणि अप्पा एकटे.

"आज दारापर्यंत चालले," त्या डबा उघडत म्हणाल्या. "चटणी घे की रे सोमेश. आज काय उपास धरलायस?"

"त्याला भूक कशाची?" मोईन म्हणाला. "सरांनी केबिनमध्ये बसवून आरती ओवाळली असेल. पंचांगात एक नंबर आहे आपला हीरो!"

"असू दे की. आमची आपली बैलगाडी." अक्का हसल्या. त्या हसण्याकडे मला पाहवेना.

मी जागेवर येऊन जुन्या नोंदी उघडल्या. कुणाला न कळू देता त्या दुरुस्त कराव्यात, असे माझ्या मनात होते. परंतु संपलेल्या महिन्यांना कुलूप होते आणि ते फक्त सरांना उघडता येई. म्हणजे बोलावे लागणार होते. पावणेचारला मी केबिनच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"सर, ते चोवीस खरे नाहीत."

"म्हणजे?"

"माझे तास खोटे आहेत."

सर मनापासून हसले. "अरे, लोक तास वाढवून लिहितात. कमी कोण लिहितं?"

"मी."

"हे बघ, तुझं मन चांगलं आहे. तिच्यासाठी बोलतोयस, कळतं मला."

मी पुढे झालो आणि त्यांच्याच संगणकावर माझ्या प्रोग्रॅमचा इतिहास उघडला. लिहिलेला मजकूर जपून ठेवला की त्याची वेळ तिथे आपोआप नोंदली जाते. सर वाचू लागले. सकाळी पाच दहा. पाच बावीस. रविवार, सहा पाच. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू एकदम गेले नाही. ओठांवर ते तसेच राहिले आणि डोळे तेवढे बदलले. त्यांनी जुन्या नोंदींचे कुलूप काढले, माझे सगळे तास तिप्पट केले आणि पंचांगाला पुन्हा विचारले.

दोघे मिळून छत्तीस दिवस. सरांनी अक्कांच्या नावापुढची खूण काढली.

बहात्तर.

सर खुर्चीतून अर्धे उठले. "बहात्तर? अरे, मी सकाळीच वैरागला चोवीस सांगून बसलोय!"

तेवढ्यात दार उघडले. चार वाजले होते. अक्कांची नजर थेट पडद्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"माझं नाव काढलंय, सर?"

अक्कांनी हातातला घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

"बरंच झालं. मी राजीनामाच द्यायला आले होते. तुम्हाला सांगायला अवघड जाईल, म्हणून." त्यांचा आवाज शांत होता. "सोमेश जे चार तासांत करतो त्याला मला दहा लागतात. पुण्यात माझं असं नव्हतं. आता डोकं चालत नाही."

"अक्का," मी म्हणालो, "मला बारा लागतात."

"काय?"

"बारा. चार मी नुसते लिहितो. दीड वर्ष."

रागाची मी वाट पाहत होतो. राग आला नाही.

"मी डोक्याचा स्कॅन काढून आले रे," त्या हळूच म्हणाल्या. "गेल्या महिन्यात. अप्पांचं जे झालं ते मलाही होतंय की काय, म्हणून. घरी कुणाला सांगितलं नाही. त्या नळीत झोपले होते तेव्हा मनात तुझेच चार तास मोजत होते."

मी फक्त स्वतःपुरता लाजतो, असे आजवर मानत आलो होतो. माझी लाज एका माणसाला त्या थंड, अरुंद नळीपर्यंत घेऊन गेली होती, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून त्यांच्या डब्यातली चटणी खात होतो.

सरांनी वैरागला फोन लावला. पलीकडचा आवाज केबिनभर घुमला: "चोवीस म्हनला हुता की वो! आता छत्तीस कुटनं आलं?"

"चूक माझी झाली," सर म्हणाले. "विचारायचं ते नीट विचारलं नाही मी." मग त्यांनी तो कागद अक्कांकडे सरकवला. अक्कांनी तो उचलून पर्समध्ये ठेवला आणि माझ्याकडे न पाहता त्या बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला सवयीने जाग आली. संगणक मी उघडला नाही. उजाडेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. अक्का येणार नाहीत, याची खात्री वाटत होती.

दहा वाजता त्या आल्या. वैरागच्या कामाची यादी घेऊन त्यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"पत्र फाडलेलं नाही मी," त्या म्हणाल्या. "हे काम होईपर्यंत आहे. पुढचं पुढं बघू." पेनाचे टोपण निघाले. "अ‍ॅपचा पहिला पडदा, तक्रार नोंदवायचा. किती तास?"

पाच हा आकडा जिभेवर तयार होता. मोईनची मान वळली होती, सर केबिनच्या दारात उभे होते, माझे कान तापले होते.

"चौदा," मी म्हणालो. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

मोईनने शीळ घातली. "चौदा? आरं बाबा!"

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी चौदा लिहिले आणि मान वर न करता विचारले, "दुसरा?"