बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत

बुधवारी सकाळी बाबा नाबूलहून शेअर टॅक्सीने ट्युनिसला आले, तेव्हा मी संगीतशाळेच्या जुन्या धान्यकोठारात उभी राहून टाळ्या वाजवत होते.

कोठाराचा हॉल करायचं काम माझ्याकडे होतं. शाळेच्या वरच्या खोल्यांत नव्वद वर्षं मालूफ, आमचं परंपरेचं गाणं, शिकवलं जात होतं, पण गायला धड जागा नव्हती. आता रंगमंच झाला होता, दिवे लागले होते, एकशेवीस खुर्च्या आल्या होत्या. फक्त एक टाळी वाजवली की समोरासमोरच्या दोन भिंती ती एकमेकींकडे फेकत राहायच्या, पत्र्यावर वाटाणे सांडावेत तशी. उद्घाटन सहा आठवड्यांवर आलं होतं.

या भिंतींना पूर्वी खालपासून छातीपर्यंत लव्हाळ्याच्या चटया ठोकलेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मी त्या काढायला लावल्या. धूळ, वाळवी, आगीचा धोका. अहवालात मी असंही लिहिलं, की या चटया पाठीला भिंतीचा गारठा लागू नये म्हणून होत्या, आवाजाशी त्यांचा संबंध नाही. हे खरं नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या चटया माझ्या आजोबांनी आणि बाबांनी विणल्या होत्या. पण तसं लिहिलं असतं तर तुम्हाला कसं माहीत, असं कोणीतरी विचारलं असतं. मी नाबूलची, एवढंच तिथे सांगितलेलं होतं. नाबूल म्हटलं की लोक घरच्या नारिंगीच्या बागा धरून चालतात. मी त्यांना तसं धरू देत असे.

रविवारी फोनवर मी बाबांपाशी त्या खडखडाटाची कुरकुर केली होती. ते हसले. "चटया काढल्यास ना?" म्हणाले आणि विषय बदलला.

आणि आता ते दारात उभे होते. खांद्यावर गुंडाळलेली चटई, लाल टोपी हातात, कामाचा तपकिरी कोट. अंगाला ओल्या लव्हाळ्याचा वास. माझ्या शाळेच्या दप्तरालाही तो यायचा. माझ्याजवळ संचालक सी झुबेर होते, 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'साहेब', आणि ध्वनीचे इंजिनिअर राउफ.

"हे काका कोण?" सी झुबेरनी विचारलं.

"चटईवाले काका आहेत," मी म्हणाले. "नाबूलचे. नमुना आणलाय."

किती सहज निघालं तोंडातून. आमच्याकडे कुठल्याही वयस्क कारागिराला काकाच म्हणतात. त्यात कोणाला काही खटकण्यासारखं नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चटई या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मग ते सी झुबेरना म्हणाले, "हो साहेब. मॅडमनी मागवला होता."

"काका, आता चटया घेतं कोण? समुद्रावरचे पर्यटक?"

"घेतात की. आणि त्यावर झोपतात तरी. तुमच्या भिंतींना मात्र झोप दिसत नाही, साहेब." त्यांनी दोनदा टाळी वाजवली, मान तिरकी करून ऐकलं. "गवयाच्या आधी ह्या भिंतीच बोलणार."

राउफ हसले. "मी लोकरीचा जाड नमदा लावायचं म्हणतोय. हे म्हणतात, हॉल विमानतळासारखा दिसेल."

"दिसेलच," सी झुबेर म्हणाले.

"लावायचं तर हे लावा." बाबांनी चटई उलगडून भिंतीला टेकवली. "जमिनीपासून बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत. त्याच्या वर नको, नाहीतर गाणं मरेल. आणि चिकटवू नका. मागे लाकडी पट्ट्या ठोका, दोन बोटं जागा सोडा. तिथे अडकतो आवाज."

"दोन बोटं कोणाची, काका? तुमची की माझी?" राउफनी विचारलं.

बाबांनी आपला हात पुढे केला. बोटं पाण्यात भिजून भिजून फुगलेली, भेगाळलेली. "माझी धरा. तुमची फार नाजूक आहेत."

सगळे हसले. मीही हसले.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला निघाले, तर ते हळूच म्हणाले, "राहू दे. माणसं खोळंबलीत तुझी." आणि गेले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी निघताना पहारेकऱ्याने एक बाटली दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. नारिंगीच्या फुलांचं पाणी, आईने काढलेलं, या मोसमातलं पहिलं. "ते चटईवाले ठेवून गेले. मॅडमना द्या म्हणाले." चटया विकणारा माणूस गिऱ्हाइकासाठी घरचं फुलांचं पाणी आणत नाही. म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं नव्हतं.

त्या रात्री फोन करायचं मनात होतं. गुरुवारीही होतं. शुक्रवारी मी ठरवलं, की रविवारी प्रत्यक्षच जाऊ. शनिवारी सकाळी ते मागावर बसल्याबसल्या गेले.

घरी पोहोचले तेव्हा मागावर हातभर चटई विणून झालेली होती. आईने मला तिच्यापाशी नेलं. "तुझ्या हॉलची," ती म्हणाली. "बुधवारी आला तो लव्हाळा भिजत घालूनच जेवायला बसला. खूश होता गं. म्हणाला, तिने सगळ्यांशी ओळख करून दिली. हे माझे बाबा, असं म्हणाली सगळ्यांसमोर."

आई माझा हात धरून होती. तीन दिवस माणसं येत राहिली, प्रत्येकाला आई तेवढंच सांगत राहिली, आणि मी शेजारी बसून ऐकत राहिले.

परत कामावर गेले तेव्हा सी झुबेरनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. राउफनी कॉफी आणून दिली. वडील काय करायचे, असं कोणी विचारलं नाही, तसा रिवाज नाही. मला हायसं वाटलं. आजवर मी कोणाला हे सांगितलेलं नाही, पण मला हायसं वाटलं.

राउफनी नमुन्याची चटई पट्ट्यांवर लावून मोजमापं घेतली आणि म्हणाले, बाकीचं विसरा. राहिलेल्या चटया बाबांच्या मागावरच्या जोडीदाराने पूर्ण केल्या. आग लागू नये म्हणून त्या औषधात बुडवाव्या लागल्या, वास गेला. उद्घाटनाच्या पत्रिकेत छापून आलं, की पारंपरिक चटयांचा आधुनिक वापर ही वास्तुरचनाकार सिहेम यांची कल्पना. मुद्रित तपासायला माझ्याकडेच आलं होतं. एका स्वल्पविरामावर मी खूण केली आणि परत पाठवलं.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी शेवटची चटई लागली. एक शिक्षक ऊद हे तंतुवाद्य घेऊन रंगमंचावर बसले. सी झुबेर शेवटच्या रांगेत गेले, मी मधल्या. पहिला सूर आला तो नुसता आला, मागे काही ओढून न आणता. तार दाबणाऱ्या बोटाचा घासण्याचा आवाजही माझ्यापर्यंत पोहोचला. चटईची वरची कड बरोबर माझ्या कानाच्या रेषेत होती.

वादन थांबल्यावर सी झुबेरनी मागून टाळी वाजवली. एकच. ती तिथेच संपली.

"सिहेम," ते म्हणाले, "त्या काकांना बोलवा उद्घाटनाला. पहिल्या रांगेत बसवू. तोंडाचे तिखट आहेत, पण मला आवडले. नाव काय त्यांचं?"

राउफ शिडीवरून खाली बघत होते. ऊदवाले शिक्षकही थांबले होते. ते आता येत नाहीत, एवढं म्हणून चाललं असतं. ते खोटंही झालं नसतं.

मी उठून उभी राहिले.

"मोख्तार," मी म्हणाले. "ते येणार नाहीत, सी झुबेर. तुम्ही माझा हात धरलात ना, तो त्यांच्यासाठीच. ही कल्पना त्यांची होती. आणि ते काका नव्हते. त्या दिवशी तुमच्यासमोर मी त्यांना काका म्हटलं. ते माझे बाबा होते."