पंचाच्या मरणाची दुरुस्ती

बेत्सायदाने पंच वेर्बेल यांना मारलं ते विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावरच्या दुपारच्या बातम्यांत, नव्या पुलाच्या उद्घाटनानंतर आणि हवामानाच्या आधी. आवाज असा लावला होता की बाहेर व्हरांडा झाडणारी बाई झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. "सांता रोसेलियाच्या बेसबॉल मैदानावर ज्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, ते आपले लाडके पंच एलिएसेर वेर्बेल आज सकाळी आपल्याला सोडून गेले." काचेपलीकडे यंत्रं सांभाळणाऱ्या हाइनेरने तर डोळे पुसले. त्याला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं तरी.

मरणाच्या बातम्या तिला नव्या नव्हत्या. विद्यापीठात येण्याआधी अर्धं आयुष्य तिने भावाच्या तीनचाकी सायकलला भोंगा बांधून गावभर आरोळ्या देण्यात घालवलं होतं. ताजी मासळी, लॉटरीचा निकाल, चुकलेलं गाढव, आणि आज कोण गेलं, कधी नेणार. पोरं मार्गाला लागल्यावर, केस पांढरे होऊ लागलेले असताना, ती पत्रकारितेच्या वर्गात जाऊन बसली. तेव्हा नणंद म्हणाली होती, "भोंग्याला पदवी कशाला लागते गं?" वर्गातली पोरं तिला मावशी म्हणत. सुरुवातीला चेष्टेने, आणि पुढे परीक्षा जवळ आली की लाडीगोडीने.

पण ती तिथे रमली. भोंग्यावर कुणी चिठ्ठी द्यावी आणि हिने ओरडावं, एवढंच काम होतं. इथे ओल्फा बाई होत्या. काटकुळ्या, चष्मा कायम डोक्यावर आणि कायम हरवलेला. राजधानीतल्या वर्तमानपत्रात उमेद घालवून गावी परतलेल्या. कुणी काहीही सांगितलं की त्या एकच विचारायच्या, "तुला कसं कळलं?" बस्स. या एका प्रश्नावर बेत्सायदाचा जीव जडला होता. आपल्याला हा प्रश्न वेळेवर कुणी शिकवला असता तर नवरासुद्धा वेगळा मिळाला असता, असं ती मैत्रिणींना सांगायची.

हवामान संपलं, पोरो नाचाच्या ढोलांचं गाणं लागलं आणि केंद्रातला फोन वाजला.

"कोण, बेत्सायदा का?" पलीकडे पंचांची शेजारीण कार्मेलिना होती. "अगं बये, पंच इथे मागच्या अंगणात बसून तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. मेलेला माणूस एवढं बोलतो होय गं?"

बेत्सायदा तशीच ओल्फा बाईंकडे धावली.

झालं होतं ते असं. पंच वेर्बेल ताडमाड उंच. मागच्या वर्षी त्यांच्या तशाच उंच भावाला ऐनवेळी मिळेल त्या पेटीत गुडघे दुमडून निजवावं लागलं होतं, आणि ते पंचांना फार लागलं होतं. म्हणून त्यांनी सुताराकडून स्वतःच्या मापाची शवपेटी आधीच करवून घेतली. त्यात काही नवल नव्हतं. सांता रोसेलियात कितीतरी घरांत अशी पेटी माळ्यावर पडून असते, लोक तिच्यात मका ठेवतात. पण आज सकाळी ती पेटी सुताराकडून पंचांच्या घरी भर रस्त्यातून चौघांच्या खांद्यावर गेली. औषधाच्या दुकानातल्या बाईने ती पाहिली. चर्चची घंटा वाजवणाऱ्याने पाहिली. कोपऱ्यावर मक्याच्या अरेपा तळणारीने पाहिली. आणि बेत्सायदाने या तिघांनाच विचारलं.

"तीन तोंडांना विचारल्याशिवाय बातमी नाही, असं तुम्हीच म्हणता," ती ओल्फा बाईंसमोर उभी राहून म्हणाली.

"म्हणते. तिघांनी काय पाहिलं?"

"पेटी."

"तिघांनी तीन पेट्या पाहिल्या?"

"नाही, बाई. एकच."

"मग तुझी तोंडं किती झाली?"

हाइनेर मध्येच पुटपुटला, "एक. तेही लाकडाचं."

"तू गप रे!" बाईंनी डोक्यावर चाचपून चष्मा शोधला आणि नाकावर घेतला. "पंचांचं घर इथून किती लांब?"

"चार गल्ल्या."

"चालत का नाही गेलीस?"

"ऊन होतं." हे बोलताना तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली. या सत्रात दुपारच्या बातम्यांचा माइक कुणाकडे राहणार, हे बाई ठरवणार होत्या. तो आपल्याला मिळावा अशी आस तिला किती होती, हे तिला त्या क्षणी कळलं. नणंदेचं वाक्य आता गावभर होणार, हेही कळलं.

ओल्फा बाई ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत, म्हणून तर पोरं टरकून असत. "हे गाणं संपलं की आपलं केंद्र बंद, ते थेट सहाला सुरू होणार. सहाच्या बातम्यांत पहिली बातमी ही. ज्या तोंडाने चुकलीस त्याच तोंडाने सांगायचं. कारणं नाहीत, सारवासारव नाही. आणि त्याआधी त्यांच्या दारात जा. टेप घेऊन जा. मेलेल्या माणसाला काही म्हणायचं असेल तर त्याचा हक्क आहे."

पंचांच्या घरासमोर तोवर खुर्च्या मांडल्या गेल्या होत्या. सांता रोसेलियात मरण कळलं की शेजारी आधी खुर्ची आणतात, मग कॉफी, मग साखर, आणि रडणं सगळ्यात शेवटी. पंच जिवंत आहेत हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. पण खुर्च्या आल्याच आहेत, कॉफी उकळतेच आहे, तर डोमिनोचे दोन डाव टाकून जाऊ, असा विचार करून मंडळी बसली होती.

"आली, आली! मारेकरीण आली!" डोमिनो खेळणाऱ्यांतला एक ओरडला. "ए बेत्सायदा, माझ्या सासूचं पण जरा बघ की उद्याच्या बातम्यांत!"

ती हसली नाही. आत गेली, घर ओलांडून मागच्या अंगणात. आंब्याखाली पंच एका स्टुलावर बसले होते, अंगात गंजीफ्रॉक, डोक्यावर मात्र पंचाची जुनी टोपी.

"पंचकाका, मी बेत्सायदा. मीच सांगितलं. चुकले मी. खात्री केली नाही."

तिने शिव्यांची तयारी ठेवली होती. पण पंचांनी पायाने दुसरं स्टूल तिच्याकडे सारलं. मग म्हणाले, "बस. आवाज छान आहे तुझा. माझं मलाच वाईट वाटलं."

"सहाला मी दुरुस्ती वाचणार आहे."

"तेच सांगायचंय," पंचांनी मान पुढे केली. "नको वाचूस."

"म्हणजे?"

"मला उद्यापर्यंत मेलेलाच राहू दे, पोरी. एवढं कर माझ्यासाठी."

मग हळूहळू कळलं. कार्मेलिनाने बातमी ऐकली आणि शहानिशा न करताच आधी बार्रान्कीयाला फोन लावला. तिथे पंचांची मुलगी मारेल्वी राहते. तिने दुकान बंद केलं, काळा झगा पिशवीत घातला आणि पहिली मिळेल ती बस धरली. सातच्या सुमारास येऊन पोचेल. तिने या घरात पाऊल टाकून कितीतरी वर्षं झाली होती. का, हे गावात सगळ्यांना ठाऊक. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावात मारेल्वीचा नवरा वादित जिवाच्या आकांताने धावत आला, धुळीत घसरला, धाव पूर्ण होते त्या होम प्लेटला त्याचा हात लागला. आणि पंच सासऱ्यांनी त्याला आउट दिलं. सांता रोसेलिया हरलं. वादित काही बोलला नाही. मारेल्वी बोलली. बाप म्हणाला, पंच निर्णय फिरवत नाही. आठवड्यात नवरा-बायको गाव सोडून गेली.

"मी जिवंत आहे हे रस्त्यातच कळलं तर ती उतरेल आणि मागच्या मागे परत जाईल," पंच म्हणाले. "ओळखतो मी तिला. माझ्यावरच गेलीय. एकदा घरात आली की मग बघू."

बेत्सायदाला मोह झाला. का होऊ नये? म्हातारा हात जोडत नव्हता, पण त्याच्या मांडीवरचे हात एकमेकांत गुंतले होते. एक दिवस खोटं राहिलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? भोंग्याच्या काळात तिने एका मित्राच्या विनवणीवरून शिळ्या मासळीला ताजी म्हटलं होतं, आणि कुणी मेलं नव्हतं. पण तिला दिसत होती ती बसमधली बाई, काळा झगा मांडीवर घेऊन बसलेली, मनातल्या मनात बापाशी काय काय बोलत असेल ते.

"काका," ती म्हणाली, "ती दारात आली आणि तुम्ही टोपी घालून समोर बसलेले दिसलात, तर काय वाटेल तिला? म्हणेल, बापाने मरणाचं सोंग घेऊन मला बोलावलं. आणि गावाच्या रेडिओने साथ दिली. पुन्हा तुम्ही खरंच गेलात तरी ती यायची नाही. आधी विचारेल, नक्की गेलेत का?"

"तुझं काय जातंय त्यात?"

"माझं सगळंच जातंय. दुपारी मी चुकले. सहाला गप्प बसले तर खोटी ठरेन." तिने टेप काढून मातीत दोघांच्या मधोमध ठेवला. "तिने मेलेल्या बापासाठी बस पकडली. जिवंत बापासाठी यावं असं वाटत असेल तर जिवंत माणसाने बोलायला हवं. तुम्हीच बोला."

"काय बोलू?"

"तुम्ही काय पाहिलंत त्या दिवशी?"

"आउट होता."

"कसं कळलं तुम्हाला?"

पंचांनी रागाने वर पाहिलं. बाहेर डोमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत होत्या. पंच उठले. स्टूल बाजूला सारून त्यांनी पायाने मातीत होम प्लेट आखली. इथे चेंडू झेलणारा कॅचर होता, असं सांगायला लागले, आणि बेत्सायदाने त्यांना मध्येच अडवलं नाही, कारण पंच भरकटत होते आणि भरकटत भरकटत जवळ येत होते. इथे मी. धूळ एवढी. सूर्य डोळ्यांत. मग ते त्या रेघेशी वाकले.

"चेंडूच्या आधी हात लागला होता," ते म्हणाले. "धूळ खाली बसली तेव्हाच दिसलं मला. तोवर आउट म्हणून माझा अंगठा वर गेला होता. सगळं गाव बघत होतं. लोक म्हणाले असते, जावयासाठी फिरवला. वादित सेफ होता. मारेल्वी, ऐकतेस का? सेफ होता तो."

टेप फिरत राहिला. बेत्सायदाने काही विचारलं नाही. गप्प कधी बसायचं हेही बाईंनीच शिकवलं होतं, आणि तिला, भोंग्यावालीला, तेच सगळ्यात अवघड गेलं होतं.

केंद्रात ओल्फा बाईंनी ते सगळं ऐकलं, एकदा, डोळे मिटून.

"दुरुस्ती आधी," त्या म्हणाल्या. "कोरडी. दुरुस्तीला या टेपचा आधार द्यायचा नाही. चुकीला मध लावून विकायचं नाही आपण. मग एका वाक्याएवढं थांब. मग हा टेप, वेगळी बातमी म्हणून."

"ही बातमी आहे, बाई?" हाइनेरने विचारलं.

"या गावात पंचाने निर्णय फिरवलाय. पुलापेक्षा मोठी बातमी आहे, गाढवा!"

सहा वाजता लाल दिवा लागला. बेत्सायदाने दुपारी लावला होता तो आवाज लावला नाही. साध्या आवाजात सांगितलं. आज दुपारच्या बातम्यांत पंच एलिएसेर वेर्बेल यांचं निधन झाल्याचं आम्ही सांगितलं. ते खरं नाही. ते जिवंत आहेत आणि त्यांची प्रकृती चांगली आहे. बातमीची खात्री करण्यासाठी मी त्यांच्या घरी गेले नव्हते. वेर्बेल कुटुंबाची, आणि ही बातमी ऐकून प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाची मी माफी मागते. मी बेत्सायदा काउसिल.

नाव घ्यायला बाईंनी सांगितलं नव्हतं. काचेपलीकडे त्यांनी चष्मा काढून डोक्यावर ठेवला, आणि बेत्सायदाकडे असं पाहिलं की एरवी ती त्या नजरेसाठी वर्षभर अभ्यास करत बसली असती. आत्ता मात्र तिच्या डोक्यात फक्त बस होती. बार्रान्कीयाहून येणारे ड्रायव्हर फाट्यापाशी आले की रेडिओचा काटा याच केंद्रावर आणतात.

बातम्या संपताच ती चार गल्ल्या चालत गेली. ओल्फा बाईही सोबत निघाल्या. पंचांच्या दारात डोमिनोचा डाव मोडला होता आणि भांडण जुंपलं होतं. "मी म्हणत होतो ना सेफ!" "तू? तू तर दारू पिऊन झाडाखाली झोपला होतास!" वर्षानुवर्षांचा तो सामना पुन्हा खेळला जात होता आणि पंच उंबऱ्यात उभे राहून सगळ्यांची बोलणी खात होते. अंगात इस्त्रीचा सदरा होता आता. नजर रस्त्यावर.

बस आली ती ठरल्या जागी थांबलीच नाही, वळून सरळ गल्लीत शिरली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"फाट्यावर रेडिओ ऐकला आम्ही," तो कुणालाही उद्देशून म्हणाला. "मी गाडी बाजूला घेतली. ताईंना म्हटलं, समोरून परतीची गाडी येतेय, हात करू का? आणि या म्हणतात, तुम्हाला कुणी थांबायला सांगितलं? चालवा!"

मारेल्वी खाली उतरली. बापासारखीच उंच. डोळे रडून सुजलेले आणि चेहरा रागाने लाल, दोन्ही एकाच वेळी. खुर्च्यांमधून वाट काढत ती आली आणि पंचांसमोर उभी राहिली.

"हे वादितसमोर बोलायचं," ती म्हणाली. "तोंडावर."

"बोलेन."

"रविवारी आणते त्याला."

"आण."

"मेला होतात म्हणून मी काय काय कबूल केलं बसमध्ये मनाशी, ते सगळं मागे घेतलंय मी. सांगून ठेवते."

"बरं," पंच म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. तिने ती घेऊ दिली.