लाकडी बैठकीवरची बुटकी दुर्बीण

मित्रांनो, मला प्रथमच पाहणारा माणूस बहुधा विचारतो, "हिच्यात पाणी किती मावतं?" त्यात त्याचा काही दोष नाही. मी बुटकी, जाड आणि राखाडी रंगाची असून लाकडाच्या एका ठेंगण्या बैठकीवर बसलेली असते. तथापि मी पिंप नव्हे. मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि माझ्या तळाशी पाणी नसून बशीएवढा एक आरसा आहे.

तो आरसा एका चष्मेवाल्याने स्वहस्ते घासला. दिवसभर लोकांच्या काचा घासून संध्याकाळी हा गृहस्थ पुन्हा काच घासू लागे, तेव्हा त्याची पत्नी म्हणे, "दुकानात पोट भरलं नाही वाटतं?" तो हसे आणि काचेवर काच फिरवीत टेबलाभोवती गोल गोल चालत राही. अखेरीस आरसा सिद्ध झाला. त्याने मला चंद्राकडे वळविले आणि पत्नीला बोलावले. तिने डोळा लावला तो काढीचना. माझ्या आयुष्यातील ती पहिली शाबासकी होय.

पुढे ती दोघे वृद्ध झाली आणि लेकीकडे राहावयास गेली. तेथे गच्ची नव्हती, म्हणून मी जुन्या वस्तूंच्या दुकानात आले. वाटेत टेम्पोने असा गचका दिला, की माझा शोधक तुटून कोठेतरी पडला. शोधक म्हणजे आमच्या पाठीवरची छोटी दुर्बीण. तिच्यातून आधी आकाशातील नेमकी जागा हेरतात. शोधकावाचून आमची गत चष्मा हरवलेल्या आजोबांसारखी होते.

दुकानात माझ्या शेजारी एक लाल दुर्बीण उभी होती. लांबसडक, चकचकीत, तीन नाजूक पायांची. तिच्या खोक्यावर ‘सहाशे पट मोठे दिसते’ असे ठळक अक्षरांत छापले होते. गिऱ्हाईक आले, की थेट तिच्याकडे जाई. दुकानदार आपली टोपी माझ्या तोंडावर ठेवीत असे. धूळ आत गेली नाही, एवढे त्याचे उपकार.

अशा स्थितीत एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आणि त्यांची भाची दुकानात आल्या. भाची लहानखुरी आणि गोल चेहऱ्याची, म्हणून आत्या तिला ‘बटण’ म्हणत. शाळेच्या गणवेशांचे मोठे काम संपवून आत्यांनी तिच्या दुर्बिणीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवले होते.

"आत्या, ही लाल! सहाशे पट!"

आत्यांनी लाल दुर्बिणीला बोटाने हलकी टिचकी मारली. ती थरथरू लागली, ती थांबेचना. मग त्यांनी मला टिचकी मारली. मी ढिम्म.

"बटण, मशीन कितीही भारी असू दे, टेबल हललं की टाका वाकडा पडतो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्यातून समोरच्या दुकानाची पाटी पाहिली. "अगं, उलटी दिसतेय."

"आकाशात वर-खाली कुणाला कळतंय, ताई?" दुकानदार म्हणाला. "मात्र हिचा शोधक नाही, म्हणून स्वस्त देतोय. नाही जमली तर पौर्णिमेच्या आत परत आणा. बदलून देईन."

"उलट्याचं मला काही नाही. आम्ही कपडा उलटाच शिवतो," आत्या म्हणाल्या, आणि मी विकली गेले.

परंतु बटणचे तोंड एवढेसे झाले. लाल दुर्बीण येणार, असे तिने साऱ्या वर्गाला सांगून ठेवले होते. आता मला कोणी पिंप म्हटले, तर ती कोणाकोणाला समजावणार? दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरील बँकेतले काका तीच लाल दुर्बीण घेऊन आले, तेव्हा तर ती जेवलीसुद्धा नाही.

"मला ही नको. परत करू या," ती म्हणाली.

"एकदा गच्चीवर नेऊन बघू. मग तू म्हणशील तसं," आत्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या छातीत तेव्हा काय झाले, ते कसे सांगू? दुकानात परतणे म्हणजे पुन्हा ती टोपी!

तिन्हीसांजेला आम्ही गच्चीवर गेलो. काका आधीच तेथे होते. पश्चिमेकडे शनी ठळक चमकत होता. बटणने मला इकडे वळविले, तिकडे वळविले. "काळं. नुसतं काळं," ती म्हणाली.

काकांचे तरी बरे कोठे चालले होते? त्यांच्या दुर्बिणीत शनी चटकन सापडे, परंतु मोठे करून पाहण्याची भिंगे घातली, की तो नाचू लागे. "कुणी चालू नका रे!" ते म्हणाले. "मी तर श्वाससुद्धा धरलाय."

"सोडा तो आधी, नाहीतर तुम्हालाच घरी न्यावं लागेल," आत्या म्हणाल्या. त्यांनी आळीपाळीने आम्हा दोघींकडे पाहिले. "काका, तुमची शोधते, पण धरत नाही. आमची धरते, पण शोधत नाही. तुमची नळी पायांवरून काढा बघू."

"मोडेल हो!"

"मोडली तर शिवून देईन."

त्या खाली जाऊन रुंद इलॅस्टिक, चिंध्या आणि बटणांची एक जड पिशवी घेऊन आल्या. लाल दुर्बीण त्यांनी माझ्या पाठीवर घट्ट बांधली. माझे तोंड खाली झुकू लागले, तेव्हा बटणांची पिशवी शेपटीशी बांधून तोल साधला. मग बटणने दूरच्या मनोऱ्यावरचा दिवा आधी माझ्यात धरला, आणि तोच लाल दुर्बिणीतही मधोमध येईपर्यंत खाली चिंध्यांच्या घड्या सरकवीत राहिली. ते काम तिने कोणालाही करू दिले नाही.

नंतर तिने लाल दुर्बिणीतून शनी हेरला, आणि माझ्या भिंगाशी डोळा आणला.

तिने दुसरा डोळा तळहाताने झाकून घेतला.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "खरंच कडं आहे गं त्याला. आणि हलत नाहीये."

आत्यांनी पाहिले. "अय्या, याला तर कुणीतरी झालर लावलीय. आणि शिलाई कुठे दिसत नाही."

काका इतका वेळ वाकून राहिले, की शेवटी बटणनेच त्यांना बाजूला केले. "काका, लायनीत या. दुर्बीण आमची आहे."

आमची! मित्रांनो, चष्मेवाल्याच्या पत्नीनंतर इतका गोड शब्द मी ऐकला नव्हता.

पौर्णिमा आली आणि गेली. लाल दुर्बीण अजून काकांचीच आहे. फक्त नांदते माझ्या पाठीवर. गच्चीवर जाताना काका स्वतःच मला उचलून नेतात आणि जिन्यात "सांभाळून, सांभाळून" असे स्वतःलाच बजावतात.

मित्रांनो, तुम्ही दुर्बीण घ्याल, तेव्हा खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. आधी टिचकी मारून पाहा. आमचा आरसा सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, आणि सूर्याकडे आम्हाला कदापि वळवू नका, डोळा जाईल. एवढे सांभाळून आम्हाला बाहेर न्या, आणि पहिला डोळा घरातल्या अशा माणसाचा लावा, जो म्हणत असेल, "मला ही नको."